मधली पट्टी

"जागा नाही," असं तो रोज सांगायचा,
म्हापशाला, रजिस्ट्रार कचेरीसमोरच्या जिन्याखाली
माझ्या टेबलावर.
अकरा वर्षांचा लॅपटॉप, पोटात एकशे अठ्ठावीस जीबी,
आणि त्यात मी कोंबलेल्या लोकांच्या जागा:
शिवोलीचं भाट, अस्नोड्याची मोरड,
कुणाचं तरी मिठागर
ज्यात आता मीठ नाही, दावा आहे.

मी पोर्तुगीज दस्तांचं मराठी करतो.
पानाला दोनशे.
शाई पुसट असेल तर अडीचशे.

आग्नेल मिनेझिशने मागचे स्क्रू काढले,
पाच पाकळ्यांचे, बारीक, तिळाएवढे,
आणि परकारात ठेवले ओळीने, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने.
पंख्यात धूळ नव्हती,
कागदाचा भुगा होता. पिवळा.
मी ओळखला तो. बोललो नाही.

नवी ड्राइव्ह च्युइंगगमच्या कांडीएवढी.
पण जुन्या खाचेत बसेना.
दात वेगळे, अंतर वेगळं,
कंपनीने खाचच अशी केलेली
की परक्याने तोंड घालू नये.
"जाता," आग्नेल म्हणाला,
"मदीं हें घालचें पडटा."
अंगठ्याच्या नखाएवढी काळी पट्टी,
साडेचारशे रुपये.
एका बाजूला जुने दात, दुसऱ्या बाजूला नवे.

मी विचारलं, हिला स्वतःला काही कळतं का?
"हिका कितेंय कळना," तो हसला,
"म्हणूनच चलता."

मला थोडं लागलं ते.
एकतीस वर्षं मीही मधेच बसलोय.
एका दस्तात पूर्वेची हद्द होती *आते ऊ रिबैरू*.
व्हाळापर्यंत, की व्हाळासकट?
मी 'पर्यंत' लिहिलं, सही केली, शिक्का मारला.
दोन भाऊ अजून एकमेकांच्या लग्नकार्यात जात नाहीत.
व्हाळ तर केव्हाच बुजला,
त्यावर स्कूटर दुरुस्तीचं गॅरेज आहे.

पट्टीवर त्याने मधाच्या रंगाची टेप लावली,
"शॉर्ट जावंक नाका म्हणून,"
आणि जुन्यातलं नव्यात ओतायला लावलं.
तीन तास.
बाजारातून बांगड्यांचा वास वर येत होता,
आग्नेल पाव मोडून खात होता,
एक निळी रेघ पडद्यावर
भरतीसारखी चढत होती, मधेच थांबत होती,
आणि प्रत्येक वेळी थांबली की मी
कुठल्या कुटुंबापाशी अडली असेल याचा अंदाज बांधत होतो.

घरी आणला. एक हजार जीबी.
कुठेही गेलं तरी मोकळं.
रात्री झाकण मिटलं, झोपवला,
सकाळी उघडलं तर उठेना.
काळा पडदा, पंखा चालू.
आग्नेलला फोन केला.
म्हणाला, जुनी मशीनं आणि नव्या ड्राइव्ह,
गाढ झोपेत एकमेकांना ओळखत नाहीत.
त्याने सांगितलेल्या दोन ओळी टाइप केल्या:
आता तो गाढ झोपतच नाही.
डुलकी घेतो फक्त, चार्ज थोडा जास्त खातो.

मशीन म्हणत असणार, मी हाक मारली होती.
ड्राइव्ह म्हणत असणार, मला ऐकू आली नाही.
मधली पट्टी गप्प.
तिचं मला पटतं, आणि पटतही नाही.

काल पर्रा गावचा एक दस्त आला.
एकोणीसशे तीस-बत्तीसचा, वाळवीने कडेने खाल्लेला,
बाई एकटीच आली होती, पिशवीत नारळ घेऊन.
पश्चिमेची हद्द, पुन्हा *आते*.
या वेळी मी दोन्ही अर्थ लिहिले,
खाली टीप दिली की ठरवणं माझ्या हातात नाही,
आणि पैसे एकाच पानाचे घेतले.
नारळ तिने ठेवलाच.

रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा
अंधारात त्याच्या झाकणावर हात ठेवला.
कोमट होता.
जागा आहे.