काच गार करायची भट्टी

बर्फाचं बरं असतं.
त्याचा एक आकडा ठरलेला: शून्य.
अलीकडे दगड, पलीकडे पाणी,
मधे कुंपण, कुंपणावर पाटी.

काचेचं तसं नाही.
आल्गोत भट्टीच्या तोंडाशी उभा राहायचा,
भुवया कधीच्याच जळून गेलेल्या,
आणि विचारायचा, "सांग टीरा, वितळली का?"
मी तेरा वर्षांची. हातात लांब दांड्याचा लाकडी काटा.
मी म्हणायचे, आत्ता.
तो म्हणायचा, छे.
थोड्या वेळानं मी: मग आत्ता?
तो: ती तर मघाशीच.

साडेपाचशेला काच फक्त विसरायला लागते
की आपण कडक आहोत.
वरून काही दिसत नाही.
सातशेला तिची कड झुकते,
चर्चमध्ये डुलकी लागलेल्या म्हाताऱ्याच्या मानेसारखी.
नऊशेला मध, थंडीतला, चमच्याला न सोडणारा.
अकराशेला मध, जून महिन्यातला.
आणि कुठल्याच आकड्यावर
कुणी दार उघडून सांगत नाही
की इथून पुढं तू वेगळी.

बाहेर स्मोलांडचं जंगल,
बर्फानं खांदे पाडलेली स्प्रूसची झाडं.
रात्री भट्टी विझवत नसत, म्हणून फिरस्ते यायचे,
विटांना पाठ लावून झोपायचे.
कुणी हेरिंग मासे भाजायचा,
कुणी तीनच सूर येणारा अकॉर्डियन वाजवायचा.
मला ते तीन सूर फार आवडत.

माझं काम एवढंच:
तयार झालेला नग उचलायचा
आणि गार करायच्या भट्टीत नेऊन ठेवायचा.
गार करायलाही भट्टी लागते
हे आजही कुणाला पटत नाही.
रात्रभर तिथं काच हळूहळू निवते,
आतलं आणि बाहेरचं एकमेकांना गाठतं.
नारिंगी रंग गेला, काच स्वच्छ झाली
की वाटतं, निवली.
सगळ्या नवख्यांचे हात तिथंच भाजतात.

आल्गोतनं मुलाच्या लग्नासाठी जग फुंकला.
मुठीत मावेल असा कान, पोटात एकच बुडबुडा,
चुकून राहिलेला की मुद्दाम ठेवलेला, ठाऊक नाही.
त्या रात्री अकॉर्डियनला चौथा सूर सापडला होता.
मी जग भिंतीकडच्या फळीवर ठेवला.
अगदी स्वच्छ दिसत होता.
पळाले.

सकाळी तो शाबूत होता. मी कुणाला बोलले नाही.
दुसऱ्या दिवशी शाबूत.
तिसऱ्या दिवशी सिक्स्टेन आणि गुनवोरचं लग्न.
टेबलावर जग, जगात बेरीचं सरबत.
पाद्री संयमाबद्दल बोलत होता.
कुणाचा हात लागला नाही, धक्का लागला नाही,
खट् असा आवाज झाला
आणि पांढऱ्या चादरीवर लाल पसरत गेलं.
बायका म्हणाल्या, अपशकुन.
गुनवोर हसली, बाही पिळू लागली.
आल्गोतनं माझ्याकडे पाहिलं.
एकदाच.

त्यानं तुकडे टोपीत गोळा केले,
पाटीवरून बोट फिरवून बारीक कणसुद्धा.
सोमवारी ते वाळूबरोबर कुंडात टाकले.
"नुसती वाळू लई हट्टी," तो कुणाला तरी सांगत होता,
मला नाही,
"फुटकी काच घातली की लवकर ऐकते."

त्या आठवड्यात आम्ही पेले काढले, शेकड्यांनी.
मी एकेक रात्रीच्या भट्टीत ठेवला,
झाकण लावलं, आणि तिथंच बसून राहिले,
अकॉर्डियन वाजत असतानाही.

त्यातला एक पेला माझ्याकडे उरलाय.
सत्तर वर्षं होत आली.
रोज सकाळी त्यात दूध ओतते,
आधी चमचा ठेवून,
आणि ओतून झाल्यावर
थोडा वेळ
हात लांब घेते.