एकतीस मिलिमीटर

आईचा तंबाखूचा डबा मागून घेतला.
दोनदा घासला, तरी शिंका आल्याच.

तार इराबत्तींच्या मागाची, जळक्या मोटारीतली.
एकतीस मिलिमीटर हवी, आणि माझी पट्टी
मोडकी, चारपासून सुरू होणारी,
म्हणून सातच्या पुढे एक रेघ.
डाग देताना बोट भाजलं.
खर्च ऐंशी रुपये, त्यातले साठ
नुसत्या कनेक्टरचे.

घरकुलाच्या गच्चीवर एप्रिल तापलेला.
कोंड्यालांच्या श्रीनिवासनं पासवर्ड दिलाय खुशीनं,
पण त्याचं घर चार गल्ल्या पलीकडे
आणि मधे सायझिंगची उंच भिंत.
डबा त्याच्या खिडकीवर रोखला.
एक काडी. मग तीही नाही.

खालून आई, "वच्चिंदा?"
"नाही गं अजून."

सूप बाजूला ठेवून ती वर आली.
"सरळ मागून कधी मजुरी वाढली का रे?"
म्हणत डबा फिरवला भलतीकडेच,
पाण्याच्या पत्र्याच्या टाकीवर.

तीन काड्या. चौथी लुकलुकणारी.

विडीच्या दोऱ्यानं तिनं डबा
गजाला करकचून बांधला,
दातानं दोरा तोडला,
आणि जिना उतरताना विचारलं,
आता तंबाखू कशात ठेवू?