नर : अज्ञात

पोर्ट एंजेलिस. खिडकीबाहेर फेरीचा भोंगा,
भिंगाखाली ती, साडेतीन मिलिमीटर,
पावसाळी रानातल्या शेवाळातून
वेंडेलने झटकून काढलेली.

आठ डोळे. सहा एका ओळीत, दोन जरा फटकून,
पंगतीत रुसून बसल्यासारखे.
उजव्या तिसऱ्या पायावर अकरा काटे,
डाव्यावर दहा.
दहाच का, ते लिहीत नाही.
चिमटा माझ्याच हातात होता.

‘जिवंतपणीचा रंग’ इथे अडते.
अल्कोहोलने चार दिवसांत सगळा धुऊन नेला.
चिंचेच्या कोवळ्या पाल्यातून
उन्हाची तिरीप यावी, तसा होता.
टाइप करते : फिकट हिरवा.

मग नियमाप्रमाणे शेवटची ओळ.
नर : अज्ञात.

दाराशी वेंडेल बूट चढवतोय,
खिशात रिकामी कुपी.