तिसरी नोंद

आठवड्याला तीन ठिकाणी काम मागायचं,
रविवारी फोनवर हिशेब द्यायचा,
तरच वाढीव भत्त्याचे तेरा आठवडे.
अँड्रोस्कॉगिनच्या काठी कागदगिरणी बंद पडल्यावर
तीन दारं उरलीत कुठं?

सोमवारी थिबोडोचं हार्डवेअर.
"नाही रे, ल्युसियन."
गेल्या महिन्यातही हेच, एवढ्याच मायेनं.
मंगळवारी शाळेची बस: आधी डोळे तपासून आणा म्हणाले.
त्याच रात्री एमिल गेला.
एकतीस वर्षं एका यंत्रावर आम्ही,
तो ओल्या टोकाला, मी कोरड्या;
त्याच्याकडून लगदा निघायचा,
माझ्यापर्यंत येता येता कागद व्हायचा.

शनिवारी चर्चमागं, गुडघाभर बर्फात,
कबरी खणणाऱ्याला मी हळूच विचारलं,
माणूस लागतो का?
त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं.
"जमीन दगड झालीय.
तुझ्या दोस्तालाही एप्रिलपर्यंत थांबावं लागेल."

फोनमधली बाई विचारते:
या आठवड्यात रोज कामासाठी मोकळे होतात?
हो असेल तर एक दाबा.
खांदा दिला तो तासभर
कुठल्या रकान्यात, ते ती विचारत नाही.

मी एक दाबतो.
तिसरी नोंद: दफनभूमी.
निकाल: बर्फ वितळल्यावर या.