कानोसा

बुधवारी सहा वाजता, अदानामध्ये,
टायरच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही सात जण बसतो.
खाली कुणीतरी चाकात हवा भरत असतं.
पहिल्या दिवशी फेरिहा हानिम खिडकी लावायला उठल्या,
मीच म्हणाले, राहू द्या.
आवाज असू दे.

माझं काम आवाजाचं. सोळा वर्षं.
बातमीदार बोलतो, तुर्गाय कॅमेरा धरतो,
आणि चौकटीबाहेर, लांब काठीला माइक बांधून
जी बाई उभी असते, ती मी.
पडद्यावर माझी सावली जरी आली
तरी चूक धरतात.

झेकेरियाने फोटो काढले. त्याला स्वप्नं पडतात.
बिनगूल तर इथेच होती, ऑफिसात,
दिवसाला चौदा तास कच्चं फुटेज बघत,
काय दाखवायचं, काय झाकायचं ते ठरवत.
"मी तिथे गेलेच नव्हते," दर बुधवारी म्हणते,
उगाच खुर्ची अडवल्याची माफी मागावी तसं.

माझं सांगायला मला पाच बुधवार लागले.

भूकंपानंतरची तिसरी रात्र.
ढिगाऱ्यावरच्या माणसाने हात वर केला
की सगळं थांबायचं,
जनरेटर, जेसीबी, रडणं.
हो, रडणंसुद्धा. एक म्हातारी
डोक्याचा रुमाल तोंडात कोंबून उभी राहायची.
मग तो भेगेत तोंड घालून हाक मारायचा,
"माझा आवाज कुणाला येतोय का?"
आणि अख्खी गल्ली कान होऊन जायची.

त्यांचं यंत्र दुसऱ्या रस्त्यावर होतं.
धुळीने भुवया पांढऱ्या झालेला एक पोरगा
माझ्या हेडफोनकडे बोट दाखवत म्हणाला,
"ताई, तुमचं चांगलं आहे. जरा ऐका."

मी माइक फटीत सोडला.
चार मिनिटं.
पाणी ऐकू आलं, कुठल्या तरी फुटक्या नळीचं.
माझंच रक्त ऐकू आलं.
आणि एकदा, टक्.
नंतर काही नाही.
निवणारं लोखंड असं वाजतं.
बोटाचं पेरही असंच वाजतं.

पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता.
मी मान हलवली.
आडवी.
ते पुढच्या इमारतीकडे गेले.

तेव्हापासून घरी वॉशिंग मशीन रात्रभर चालतं.
रिकामं.
नवरा आधी वैतागला. मग एके दिवशी काही न बोलता
त्याने मशीनच्या पायांखाली रबराच्या चकत्या बसवल्या,
खालच्या बिऱ्हाडाची झोप मोडू नये म्हणून.

साहेबांनी विचारलं होतं, सुट्टी हवी का?
नको म्हटलं, तर पाठीवर थाप मारून म्हणाले,
"इल्कनूर, लोखंड आहेस तू."
लोखंड निवताना वाजतं,
हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.

माझं सांगून झालं आणि खाली कॉम्प्रेसर बंद पडला.
दुकान मिटायची वेळ.
फेरिहा हानिम म्हणाल्या नाहीत, तुझा दोष नाही.
ते मी आरशासमोर म्हणून बघितलंय.
त्यांनी विचारलं, "रेकॉर्डिंग आहे?"
आहे.
"परत ऐकलंस?"
नाही.
"एकटीने ऐकू नकोस."

आणि खोलीत शांतता झाली.
तीच.
माझे हात कानांवर जायला निघाले
तेवढ्यात बिनगूलने, जी तिथे गेलीच नव्हती,
चहाचा चमचा उचलला
आणि टेबलावर एकदा वाजवला.
टक्.

कुणी हसलं नाही.
झेकेरियाने पेनाने वाजवलं.
मग कोपऱ्यातल्या, आजवर चकार शब्द न काढलेल्या
मालात्याच्या म्हाताऱ्या बातमीदाराने, अंगठीने.
मग बाकीच्यांनी, मागेपुढे, कसंही.

बरं वाटलं असं मी म्हणणार नाही.
पण मी मोजले. सहा.
सातवा माझा,
खूप उशिरा, नखाने.

त्या रात्रीही मशीन लावलं.
फक्त आत
कपडे टाकले.