एकशे अठरा

फळीमुन्शीची वही मी चार रात्री उतरवून काढली.
एका तक्त्यात माणसं : कार्ड नंबर, नाव, टोला, कुटुंबप्रमुख.
दुसऱ्यात तेंदूचे दिवस : तारीख, कार्ड नंबर, पुडे.
तिसरा तक्ता लहानसा, दराचा.
नंबरापासून नंबरापर्यंत एक रेघ ओढली
आणि कॉम्प्युटर तिला नातं म्हणाला.

हिरंगाटोल्यात नातं इतकं सरळ जात नाही.
इथे रैजी हलामी तिघी आहेत,
त्यांतल्या दोघी सख्ख्या जावा.
म्हणून नाव विचारायचं नाही, नंबर विचारायचा.
रेघेच्या या टोकाला प्रत्येकाने एकदाच उभं राहायचं;
त्या टोकाला कितीदाही,
जितक्या सकाळी पानं घेऊन फळीवर आला तितक्यांदा.

सूत्र लिहिलं. नावं सरसर खाली उतरली,
मोहाच्या झाडाखाली पंगत बसावी तशी.
नऊ पाटांवर मात्र कोणी बसलंच नाही.
एकशे अठरा. एकशे अठरा. पुन्हा एकशे अठरा.
एक हजार आठशे चाळीस पुडे
आणि शेजारी पांढरा रकाना.
उद्या बोनस. वीज गेलेली. लॅपटॉप अठ्ठावीस टक्क्यांवर.

देवसू मुन्शी दारातूनच हसला :
"ते होय! झुरूची पोरगी नाही का, सनको.
हंगामाले माहेरी आलती.
कार्ड म्याच लिहून देल्लं, हातानं."

लग्नात तिचं नाव इथल्या यादीतून गेलं.
सासरच्या यादीत ती आहे,
पण तिकडच्या जंगलात यंदा तिने
एक पान तोडलेलं नाही.

ती आली, तान्हं पाठीला बांधून.
मी म्हटलं, कुटुंबप्रमुख कोण लिहू,
बाप की नवरा?
तिने स्क्रीनकडे पाहिलं, मग बोटांच्या काळ्या पडलेल्या पेरांकडे.
"पानं कोणं तोडली?"

मी माणसांच्या तक्त्यात एक ओळ वाढवली.
दुसऱ्या तक्त्याला हातही लावला नाही,
तरी नऊच्या नऊ रकाने भरले :
सनको, सनको, खालपर्यंत सनको.
सत्तर पानांचा एक पुडा.
एक लाख अठ्ठावीस हजार आठशे पानं
एका नावाशेजारी येऊन थांबली.

आता एकशे एकतीस तेवढा राहिलाय.
असं कार्ड गावात नाहीच.
देवसूचा नऊ घाईत एकासारखा पडतो,
म्हणजे एकशे एकोणचाळीस असेल, किंवा नसेलही.
लॅपटॉप अकरा टक्क्यांवर.
मी वही उजेडात नेते.