सावकाश

पतसंस्थेचं शटर ओढून
मी स्टँडच्या वळणापर्यंत जायचो
आणि परत फिरायचो.
सात वेळा. वाईट दिवशी एकवीस.
कुलूप थंड, कुलूप लागलेलं,
बोटांना ठाऊक, मला नाही.
समोरचा पानवाला बशीर म्हणायचा,
काय मगदूम, आज किती?
हसायचा नाही. मोजायचा माझ्यासोबत.

आमच्या निपाणीत पाट्या दोन लिप्यांत.
डोक्यातला माणूसही दुभाषी :
कुलूप लावलंस काय?
कीली हाकिद्दिया?
उत्तर कुठल्याच भाषेत पुरायचं नाही.

बेळगावात हुक्केरी डॉक्टरबाईंनी
आधी छातीला तारा लावल्या.
बाई, आजार डोक्यात हाय की, मी म्हटलं.
गोळी डोक्याची, पण काळजाला विचारून द्यायची असते, म्हणाल्या.
कागदावर माझे डोंगर उमटले, एकासारखा एक.
मी तेही मोजले.

क्लोमिप्रामिन.
नाव अकरा वेळा वाचलं.
रात्री एक, लहानातली लहान.
"वाढवेन ती मी, तू नव्हे. सावकाश."
हा शब्द त्यांनी कानडीत उच्चारला की मराठीत
कळलं नाही.
दोन्हीकडे तो तसाच आहे.

पहिला महिना नुसतं तोंड वाळलं,
जीभ वखारीतल्या तंबाखूच्या पानासारखी.
पोट दगड होऊन बसलं.
पहाटे झटक्यात उठलो
तर भिंतच माझ्याकडे चालत आली.
ताई म्हणाली, आधी बस, पाय खाली सोड, मग उभा रहा.
कुलूप होतं तिथंच.

पाकीट ताईच्या ट्रंकेत.
का, ते बाईंनी तिला सांगितलं,
मग मलाही,
दार उघडं ठेवून.

थंडीत खोकला लागला.
मेडिकलवाल्या शिवबसूनं बाटली काढली,
माझी चिठ्ठी पाहिली,
बाटली परत फळीवर ठेवून बाईंना फोन लावला.
ह्याच्यासंगट हे नको, म्हणाला.
दुसरं कुणीतरी तपासून बघत होतं,
एकदाच,
आणि कामाचं.

नवव्या आठवड्यात तो आवाज
गेला नाही, पलीकडच्या खोलीत गेला.
मग गृहपाठ : एकदा कुलूप. हात खिशात.
म्हणायचं, उघडं असेलही.
घामानं सदरा भिजायचा,
बशीर घड्याळ धरून उभा.

मध्यंतरी वाटलं, झालो की बरा, टाकू सोडून.
बाई फोनवर चिडल्याच.
सोडायची तीही माझ्या हातानं, म्हणाल्या,
आणि पुन्हा तोच शब्द.

आज शटर ओढलं.
वळणावर पाय अडले.
कीली हाकिद्दिया?
ठाऊक नाही, म्हटलं,
आणि चिकोडीच्या बसमध्ये चढलो,
गालात लिंबाची गोळी.
मागून बशीर ओरडला, शून्य!

खिडकीतून वळून बघितलं नाही.
म्हणजे,
एकदा बघितलं.